पहिलाच कॅमेरा घ्यायचाय, बजेट 50-60 हजार, राहायला गुहागरला, 24 मेगापिक्सेल पुरतील का?

पुरतील हो, पुरून उरतील. ए-फोर साइझचा चांगला प्रिंट काढायला जेमतेम 9 मेगापिक्सेल लागतात, आणि फोटो शेवटी जाणार कुठे तर व्हॉट्सअ‍ॅपवर, तिथे त्याची वाट लागतेच. 50-60 हजार बजेट म्हणताय ना, मग त्यातला एक पैसाही जास्तीच्या मेगापिक्सेलवर घालवू नका.

सेन्सर, म्हणजे आतली उजेड टिपणारी चिप, केवढा ते विचारा. एपीएस-सी हे मोठ्या सेन्सरच्या एका मापाचं नाव, म्हणजे साधारण 23 बाय 15 मिलिमीटर, आणि दुकानदार '60एक्स झूम आहे साहेब' म्हणून जो पुढे सरकवतो त्याचा बहुतेक वेळा 6 बाय 4.5 च्या आसपास. उन्हात दोन्हीचे फोटो मस्तच येतात, पण शिमग्याला रात्री पालखी नाचवतायत आणि उजेड काय तो देवळाबाहेरच्या हॅलोजनचा, तिथे छोट्या सेन्सरवर नुसते दाणे दाणे दिसतात.

दुसरं म्हणजे व्ह्यूफाइंडर, डोळा लावून बघायची खिडकी. यूट्यूबवाले एसीत बसून रिव्ह्यू करतात त्यामुळे यावर फार कोणी बोलत नाही. सोनीचा झेडव्ही-ई10 सगळे सुचवतात, व्हिडिओला चांगलाच आहे, पण त्याला व्ह्यूफाइंडर नाहीये आणि मे महिन्यात भर दुपारी किनाऱ्यावर स्क्रीनमध्ये बघाल तर फ्रेम राहूदे, स्वतःचं घामेजलेलं तोंड तेवढं दिसेल. कॅनन आर50 ला आहे, जुन्या 1500डी ला पण आहे.

डीएसएलआर (आत आरसा असलेला) की मिररलेस (बिनआरशाचा) यावर लोक उगाच भांडतात. 2018 मध्ये कॅनन आणि निकॉन दोघांनीही मिररलेससाठी नवे माउंट, म्हणजे लेन्स अडकवायची खाच, आणले आणि आता नवीन लेन्स तिकडेच येतायत, म्हणून नवा घेणार असाल तर मिररलेस. सेकंडहँड डीएसएलआर स्वस्तात मिळाला तर तोही शिकायला झकास, फक्त निकॉनच्या डी3500, डी5600 वगैरे बॉडीत फोकस मोटर नसते, निकॉनची जुनी एएफ-डी लेन्स, जिच्यात स्वतःची मोटर नसते, ती लावलीत तर हाताने रिंग फिरवत बसा.

थोडे पैसे मागे ठेवा, 50 एमएम एफ 1.8 लेन्ससाठी. एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त. किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येते ती) पूर्ण झूम केली की 5.6 किंवा 6.3 वर जाते आणि ही 5.6 च्या साधारण 10 पट उजेड आत घेते. वेळासला, आंजर्ल्याला कासवाची पिल्लं समुद्रात सोडतात तिथे फ्लॅश मारायचा नसतो, तेव्हा हिची किंमत कळते. धनेश-गरुड टिपायचे असतील तर मात्र निदान 300 एमएम हवी, ते पुढच्या वर्षी बघा.

आता बुरशी. आपल्याकडे जूनपासून कपाटातल्या चपलांनाही बुरा येतो, लेन्स काय सुटणार, आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे धरतात आणि ते साफ करायचं म्हणजे लेन्स उघडावी लागते. कॅमेरा बॅगेत ठेवू नका, फोम ओल धरतो. रबराची रिंग असलेला घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिक डबा, आत रंग बदलणारं सिलिका जेल आणि एक छोटा हायग्रोमीटर (हवेतला दमटपणा मोजणारा), काटा 40 ते 50 टक्क्यांमध्ये राहिला की झालं. जेलचा रंग बदलला की गरम करून वाळवायचं, परत चालतं. तांदळात ठेवायचा सल्ला कोणी दिला तर हसून सोडून द्या, पीठ आत जातं. एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढला तर काचेवर लगेच वाफ धरते, थोडा वेळ बॅगेतच राहूदे. आणि पुळणीवर लेन्स बदलायची नाही, काय वाट्टेल ते झालं तरी.

सेकंडहँड लेन्स घेताना मागून मोबाईलचा टॉर्च मारून पुढून तिरकं बघा. 'थोडंसं फंगस आहे पण फोटोत दिसत नाही' असं विकणारा म्हणाला की लेन्स त्याच्या हातात परत द्या.