पाण्यातलं झाड

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री पावणेबाराला आला. झोपण्याआधी एकदा वाचला, सकाळी चहा उकळेपर्यंत पुन्हा वाचला. दिवसभराचं सगळं सांगितलंस आणि शेवटी विचारलंस, ‘सर, दाखवण्यासारखं एकही चित्र झालं नाही. दिवस फुकट गेला का?’ ‘नाही’ एवढं फोनवर लिहून भागलं असतं, पण तुझं समाधान झालं नसतं. म्हणून हे पत्र.

सकाळपासून घेऊ. सहाला तू तलावपाळीवर पोचलीस, गडकरी रंगायतनाच्या बाजूला बोर्ड मांडीवर घेऊन बसलीस. समोरच्या काठावरचं झाड आणि त्याचं पाण्यातलं प्रतिबिंब, एवढाच विषय. पहिला कागद नेहमीसारखा झाला: झाड गडद, पाण्यातलं झाड त्याहून गडद. दुसऱ्या कागदावर हात थांबला. डोळे बारीक करून पाहिलंस तेव्हा पाण्यातलं झाड वरच्या झाडापेक्षा फिकं निघालं. मग तू त्या फिकेपणाच्या मागेच लागलीस. गाडीची वेळ होईपर्यंत चार कागद संपले आणि एकही पुरा झाला नाही.

अगं, मग आणखी काय हवं होतं तुला? तलावपाळीचं, म्हणजे मासुंदा तलावाचं, पाणी नितळ नाही. त्यात गढूळ हिरवटपणा आहे, आणि पाण्याच्या आत शिरलेला उजेड त्या गढूळपणावर आदळून परत वर येतो. म्हणून गडद वस्तूचं प्रतिबिंब थोडं उजळतं. पांढऱ्या भिंतीचं बरोबर उलटं होतं, ती पाण्यात जरा मळकी दिसते. हे पुस्तकातही सापडेल, पण पुस्तकात वाचलेलं ब्रश हातात घेतला की आठवत नाही. तुला ते यापुढे विसरताच येणार नाही, कारण त्यासाठी तू चार कागद घालवलेस.

मी दुसऱ्या वर्षाला असताना सबमिशनसाठी चोवीस निसर्गचित्रं केली होती. चोवीसच्या चोवीस पूर्ण, माउंट केलेली, कोपरे सरळ. त्यातल्या बऱ्याच चित्रांत पाणी होतं. पाणी म्हटलं की वर फिकट निळा, खाली गडद निळा, मध्ये दोन-तीन पांढऱ्या रेघा, हे मी डोळे मिटूनही करू शकत होतो, आणि खरं तर तसंच करत होतो. परीक्षकांनी गठ्ठा चाळला, एका चित्रावर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘हे कुठलं तळं?’ मला सांगता आलं नाही. चार-पाच सेकंद शांतता, मग पान उलटलं गेलं. त्यांनी मार्क बरे दिले. पण ठाण्याला परत येताना गाडीत मी तो गठ्ठा पायांशी ठेवून बसलो आणि उतरेपर्यंत उघडला नाही. राहायला तेव्हा चरईत होतो, रोज तलावावरून जायचो. इतक्या वर्षांत एकदाही थांबून पाहिलं नव्हतं. ते शल्य अजून आहे, म्हणून तुझा चौथा कागद पाहून मला इतका आनंद झाला.

तू पाठवलेला त्याचा फोटो मोठा करून पाहिला. डाव्या बाजूला खाली, खोडाचं प्रतिबिंब तुटतं तिथे, रुपयाच्या नाण्याएवढा एक डाग आहे. ट्यूबमधला हिरवा तिथे नाही ना? अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना आणि किंचित यलो ऑकर असावा. तेवढ्या डागात मासुंदा आहे. बाकीचा कागद मेला आहे हे तुझं म्हणणं मलाही मान्य, उगाच खोटं बोलत नाही. त्याचं कारण मात्र तू समजतेस ते नाही. तुझी नजर चुकलेली नाही. जलरंग वाळले की फिके पडतात आणि तू ओल्या रंगावरून अंदाज बांधलास. त्याच कागदाची एक पट्टी जवळ ठेव. आधी तिच्यावर डाग टाक, पूर्ण वाळू दे, मग चित्राला हात लाव. पावसाळ्यात आपल्या हवेत वाळायला फार वेळ लागतो, तेव्हा तर पट्टी हवीच. आणि असा सराव महागाच्या कागदावर करू नकोस. चांगल्या कागदाचे पैसे गेले म्हणून तुला रात्री रुखरुख लागली असणार, मला माहीत आहे. त्या चारही कागदांच्या पाठी कोऱ्या आहेत, त्या वापर.

गाडीत काढलेल्या वहीच्या पानाबद्दल थोडंच लिहितो. लेडीज डब्यात कड्या धरलेले हात काढलेस, अकरा हात. त्यातले सात बोटांपासून सुरू केल्यासारखे दिसतात, म्हणून ते हवेत लटकलेत. उरलेले चार कोपरापासून निघालेत आणि त्या चार हातांना वजन आहे. सगळं अंग त्या कडीला टांगलेलं असतं, बोटं फक्त शेवटचं टोक. ठाणे ते सीएसएमटी चौतीस किलोमीटर, जाऊन-येऊन अडुसष्ट. रोज तेवढ्या प्रवासात फुकटची मॉडेलं समोर उभी असतात, आणि कॉलेजच्या मॉडेलसारखी ती तुझ्यासाठी पोझ देत नाहीत, हाच फायदा. कुणाच्या लक्षात आलं तर वही पुढे करून दाखव. आपल्याकडच्या बायका रागावत नाहीत, उलट पुढच्या वेळी स्वतःहून जागा करून देतात. झोपलेल्या बाईचा चेहरा मात्र काढू नकोस.

वर्गातल्या स्थिरचित्राबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, मीही तेवढंच म्हणतो: पितळी तांब्या तुला जमतो, आता कापडाकडे बघ.

तुझं खरं दुखणं बाकीच्यांच्या वेगाचं आहे. कुणी आठवड्याला सहा कॅनव्हास करतंय, कुणी रोज रील टाकतंय. चित्रकार वासुदेव गायतोंड्यांची गोष्ट तुला ठाऊक असेल. 1948 साली मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून डिप्लोमा घेऊन बाहेर पडलेला हा माणूस पुढे वर्षाला मोजकेच कॅनव्हास करायचा. कितीतरी दिवस नुसते बघण्यात, विचारात जायचे. बाहेरून पाहणाऱ्याला ते रिकामे दिवस वाटले असतील. 2014 साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन लागलं, तेव्हा ते जाऊन तेरा वर्षं झाली होती. तू गायतोंडे हो असं मी म्हणत नाही. कमी चित्रं करण्यातही काही मोठेपणा नाही, तुझ्या वयात भरपूरच करावीत. पण ज्या दिवशी हाताची जुनी सवय मोडते त्या दिवशी चित्र बहुतेक बिघडतंच, कारण सवयीने येणारं सोडलेलं असतं आणि नवीन अजून बोटांत उतरलेलं नसतं. असा दिवस सबमिशनच्या यादीत कुठेच दिसत नाही. म्हणून तो तूच लिहून ठेव. वहीच्या मागच्या पानावर तारीख आणि एक ओळ: ‘आज पाण्यातलं झाड फिकं दिसलं.’ वर्षाकाठी अशा दहा ओळी जमल्या तरी मला समाधान वाटेल. एखाद्या महिन्यात एकही नसेल, तरी घाबरू नकोस. माझ्या वहीत तर मार्च ते ऑगस्ट अशी कोरी पानं गेली आहेत.

एक विनंती. अशा दिवसाचा फोटो त्याच रात्री कुणाला पाठवू नकोस. मला पाठवलास ते ठीक, मी म्हातारा माणूस. पण वर्गाच्या ग्रुपवर टाकलास तर कुणीतरी ‘अपूर्ण वाटतंय’ म्हणेल. त्याचं चुकत नसेल, पण तू दुसऱ्या दिवशी पुन्हा गडद झाड काढायला बसशील.

राहिली आई. ‘दिवसभर कॉलेजात काय केलंस?’ असं तिने विचारलं आणि तुला दाखवायला काही नव्हतं, हे तुला जास्त लागलं असावं. घरी परत येऊन पुन्हा स्वयंपाकाला उभी राहणाऱ्या बाईने विचारावं, तो तिचा हक्क आहे. तिच्यावर चिडू नकोस, तिला समजावण्याच्या भरीसही पडू नकोस. रविवारी सकाळी साडेसहाला मी तलावपाळीवर येतो. पाण्यासाठी दोन डबे आण, एक ब्रश धुवायला आणि एक स्वच्छ. आईलाही घेऊन ये. जाताना जांभळी नाक्यावरून तिला भाजी घेता येईल. तिला तुझ्या जागेवर बसव, डोळे बारीक करायला सांग आणि दोन झाडांपैकी जास्त काळं कुठलं दिसतं ते विचार. ती उत्तर देईपर्यंत आपण दोघांनीही बोलायचं नाही.

तुझा,
सर