सुरुवात एका देशापासून, एका करारापासून करा

भेदभावाविरुद्धचे करार आणि कायदे प्रत्यक्षात किती पाळले जातात, हे अभ्यासायला आलात, स्वागत! लगेच दहा देशांची तुलना करू नका. भारतच घ्या: वंशभेद निर्मूलनाच्या आंतरराष्ट्रीय कराराला आपण १९६८ साली मान्यता दिली.

- कराराच्या पालनाबद्दल सरकार देतं तो अहवाल एकटा वाचू नका, शेजारी संयुक्त राष्ट्रांच्या समितीचे निष्कर्ष ठेवा. २००७ साली सरकार म्हणालं, जात म्हणजे वंश नव्हे. समितीने करारातल्या ‘कुळा’वर (इंग्रजीत ‘descent’, म्हणजे जन्माने मिळणारी ओळख) बोट ठेवून जात त्यातच धरली. सगळा वाद इथे आहे!
- कायदा झाला म्हणजे काम झालं, ही नवख्यांची हमखास चूक. ॲट्रॉसिटी कायद्याच्या १९९५च्या नियमांनुसार, त्याच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवणाऱ्या जिल्हा दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हायलाच हवी. माहिती अधिकारात इतिवृत्तं मागवा, तारखा वहीत उतरवा, मधली रिकामी तिमाही शोधा.

देशांना गुण देणारे निर्देशांक वगैरे नंतर बघू. पहिलं इतिवृत्त हाती आलं की कळवा, सोबत वाचू.