गणित सोडण्याची घाई नको

सप्रेम नमस्कार.

आपली कन्या अकरावी विज्ञान शाखेत आहे, धाकट्या भावाला टाइप १ मधुमेह (शरीराची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते तो प्रकार) असल्यामुळे इन्सुलिनचे पेन आणि ग्लुकोमीटर ती रोज हाताळते, आणि जिवंत पेशींचे अंगावर बाळगता येणारे उपकरण बनवायचे तिने मनावर घेतले आहे. त्यासाठी गणित सोडावे का आणि सहा महिन्यांचा ‘स्टेम सेल’ (इतर प्रकारच्या पेशी जिच्यापासून घडवता येतात ती मूळ पेशी) प्रमाणपत्र अभ्यासक्रम करावा का, असे आपण विचारले आहे.

गणित मुळीच सोडू देऊ नये. इन्सुलिन स्रवणाऱ्या पेशी प्रयोगशाळेत घडवणे आता साधले आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हर्टेक्स कंपनीच्या चाचणीत, अशा पेशींची पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ पैकी १० रुग्णांना वर्षभरानंतर इन्सुलिन घ्यावे लागत नव्हते, मात्र प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे त्यांना चालूच ठेवावी लागली. ती औषधे टाळण्यासाठी, प्रतिकारशक्तीचा हल्ला पोहोचू नये म्हणून पेशी पातळ पडद्याआड ठेवल्या की त्या प्राणवायूवाचून गुदमरतात, आणि खरे घोडे इथेच अडले आहे. स्वीडनमधील उप्साला येथे चार रुग्णांच्या त्वचेखाली असे उपकरण बसवून त्यात रोज बाहेरून प्राणवायू भरला गेला. पेशी जगल्या, पण त्यांनी दिलेले इन्सुलिन नगण्य होते. अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये शरीरातल्याच बाष्पाचे विघटन करून प्राणवायू मिळवणारे रोपण उंदरांत वापरून दाखवले. त्याला वीज बाहेरच्या वेटोळ्यातून बिनतारी मिळते आणि ते वेटोळे पुढे पट्टीसारखे त्वचेवर लावता येईल, अशी कल्पना आहे. पडदा किती जाड असावा, विसरणाने (दाट भागाकडून विरळ भागाकडे आपोआप पसरत) प्राणवायू किती खोल पोहोचेल, हे गणिताशिवाय कसे ठरवणार?

पुण्याच्या आयसर या केंद्रीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेची प्रवेश परीक्षाही भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्र या चारही विषयांवर प्रत्येकी १५ प्रश्न विचारते. तिथली पाच वर्षांची बीएस-एमएस पदवी आणि त्यानंतर आयआयटी मुंबईच्या जैवविज्ञान व जैवअभियांत्रिकी विभागात किंवा पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात पीएचडी, हा मार्ग मला तिच्यासाठी योग्य वाटतो. यात दहा-अकरा वर्षे सहज जातील, याची कल्पना तिला आजच द्यावी.

प्रमाणपत्राचे पैसे वाचवावेत. त्याच्या जोरावर कोणतीही प्रयोगशाळा दार उघडत नाही. विषयाला धरून आणखी एक सांगतो, कारण अशा घरांना जाहिराती हमखास गाठतात: आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मधुमेहावरील स्टेम सेल उपचार हा मान्य उपचार नाही, तेव्हा मान्यताप्राप्त चाचणीबाहेर, पैसे घेऊन असा उपचार देणाऱ्यांकडे मुलाला नेऊ नये.

महाविद्यालयात विषय बदलण्याचा अर्ज दिला असल्यास तो याच आठवड्यात मागे घ्यावा.