फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेची चित्रं पहिल्यांदाच बघायला जाताय? मग एवढं करा

अरे वा, नक्की जा! फक्त सगळं एका दिवसात संपवायच्या मागे लागू नका, नवीन लोकांचं हमखास तिथेच चुकतं, पाटी वाचतात, फोटो काढतात आणि चित्राकडे धड बघतच नाहीत.

- आधी भरभर एक चक्कर मारा, मग आवडलेल्या चार-पाच चित्रांकडे परत या.
- चित्र आधी, पाटी नंतर.
- लांबून, मग जवळून, मग परत लांबून बघा. फ्रान्समधल्या रूआँ शहरातल्या कॅथेड्रलची, म्हणजे मोठ्या चर्चची, चित्रं तर अशीच बघायची, जवळून नुसते रंगाचे जाड थर दिसतात आणि मागे सरकलं की दगडी कमानी उभ्या राहतात. १८९२ आणि १८९३ मध्ये मोनेने तीच दर्शनी बाजू वेगवेगळ्या उजेडात परत परत रंगवायला घेतली, ३० च्या आसपास चित्रं झाली, त्यामुळे "सगळी सारखीच तर आहेत" म्हणून पुढे जाऊ नका प्लीज, शेजारशेजारची दोन घ्या आणि सावल्यांचा रंग कुठे बदललाय ते शोधा, खरी मजा त्यातच आहे! पॅरिसच्या ओर्से म्युझियममध्ये यातली ५ आहेत.

इम्प्रेशनिझमचा (मोनेच्या चित्रशैलीचा) इतिहास, ब्रशचं तंत्र वगैरे आत्ता राहू द्या, बघून आलात की विचारा, मग सांगतो.