काँक्रीटमधली हवा काढायची की घालायची?

प्रश्न : मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतो. ओव्हरसियर म्हणून तीस वर्षे नोकरी केली आणि ओतलेल्या काँक्रीटमधली हवा व्हायब्रेटरने काढून टाकण्यावर सदैव कटाक्ष ठेवला. माझा पुतण्या लेहजवळ पुलाच्या कामावर आहे. तो म्हणतो की, तिथे काँक्रीटमध्ये मुद्दाम हवा घालतात. हे कसे? आणि आमच्याकडे जानेवारीत ओतलेल्या स्लॅबला थंडीचा अपाय होतो का?

उत्तर : आपला कटाक्ष योग्यच होता आणि पुतण्याही खरेच सांगतो आहे, कारण आपण दोघे निरनिराळ्या हवेविषयी बोलत आहात. व्हायब्रेटरने निघते ती ओतताना अडकलेली, मोठ्या, वेड्यावाकड्या पोकळ्यांतली हवा, जिच्यामुळे केवळ ताकद घटते. लेहमध्ये रसायन मिसळून घडवतात ते बुडबुडे मात्र अतिशय बारीक, गोल आणि सिमेंटच्या लगद्यात सर्वत्र विखुरलेले असतात.

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. काँक्रीटची रंध्रे काठोकाठ भरलेली असली, तर बर्फाला पसरायला जागा उरत नाही, न गोठलेले पाणी पुढे रेटले जाते आणि त्या दाबाने लगदा तडकतो, असे अमेरिकी काँक्रीट-संशोधक टी. सी. पॉवर्स यांनी १९४५ मध्ये मांडले. दुपारी बर्फ वितळला की पाणी नव्या भेगांत शिरते आणि रात्री पुन्हा गोठते. म्हणूनच सलग गोठलेल्या हिवाळ्यापेक्षा शून्याच्या वरखाली होणारे तापमान आणि सततची ओल यांची जोडी अधिक घातक ठरते. सुमारे ०.२ मिलिमीटरच्या आत एखादा बुडबुडा असला, तर रेटलेल्या पाण्याला तिथे वाट मिळते.

काँक्रीटच्या बांधकामासाठीच्या भारतीय मानक ४५६ (२०००) नुसार अशा ओल्या, गोठणाऱ्या जागी एम ५० (चौरस मिलिमीटरला ५० न्यूटन ताकदीच्या) पेक्षा खालच्या प्रतीचे काँक्रीट वापरताना २० मिलिमीटर खडीसाठी हवा ५ टक्के, एक टक्का कमी-अधिक, असावी. दर टक्का हवेमागे ताकद साधारण ५ टक्क्यांनी घटते. मिश्रण ठरवतानाच पाणी कमी करून ही तूट भरून काढावी लागते. व्हायब्रेटर तिथेही लागतोच, पण फार वेळ चालवला तर हे मोलाचे बुडबुडेही निघून जातात. पुतण्याला हे अवश्य सांगावे.

ग्वाल्हेरला पारा शून्याखाली क्वचितच जातो, त्यामुळे स्लॅब गोठण्या-वितळण्याने फुटेल ही भीती नको. खरी अडचण निराळी आहे : थंडीत काँक्रीटला ताकद फार सावकाश येते. ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधील अंतराच्या) स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी काढावेत, ही मानकातील मुदत तापमान १५ अंशांखाली जात नाही असे धरून दिलेली आहे. जानेवारीत आपल्याकडे पारा त्याखाली जातोच. तेव्हा स्लॅब रात्री गोणपाटाने झाकावा आणि सेंटरिंगवाल्याने कितीही घाई केली तरी टेकू आणखी काही दिवस राहू द्यावेत.