देवभात आणि इंद्रायणी: पाऊस लांबला तर संकर वाढेल का?

तुमचा प्रश्न असा: मुळशीत खाचराला लागून ओढ्यात देवभात, म्हणजे रानटी भात, उगवतं, पाऊस हल्ली लांबतो, तर त्याचा लागवडीच्या इंद्रायणी भाताशी संकर वाढेल का आणि तो ओळखायचा कसा?

वाढू शकतो. मात्र त्याचं मुख्य कारण उष्णता नाही, तर दोघांचा फुलोरा एका वेळी येणं. देवभात (ओरायझा रुफिपोगॉन) दिवस लहान झाल्याची खूण धरून साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात निसवतं, म्हणजे लोंब्या बाहेर पडून फुलतात. पाऊस कितीही लांबला तरी दिवसाची लांबी बदलत नाही, म्हणून ते जागचं हलत नाही. सुधारित वाणं बहुतेक करून पेरणीपासून दिवस मोजतात. इंद्रायणी 135 ते 140 दिवसांची, म्हणजे फुलोरा पेरणीनंतर सुमारे 105 दिवसांनी. 10 जूनला रोप टाकलं तर 23 सप्टेंबरच्या आसपास, 1 जुलैला टाकलं तर थेट 14 ऑक्टोबर. तीन आठवड्यांच्या उशिराने भात देवभाताच्या फुलोऱ्यात जाऊन बसतं.

दिवसातली वेळही बघा. भाताचं फूल सकाळी 10 ते 12 च्या सुमारास उघडतं आणि परागकण जेमतेम पाच-दहा मिनिटं टिकतो. त्यामुळे दोघं एकाच दिवशी फुलली तरी एकाची फुलं 9 ला आणि दुसऱ्याची 11 ला उघडत असतील तर संकर फारसा होत नाही. उलट फुलोऱ्यात पारा 35 अंशांच्या वर गेला तर भाताचे स्वतःचे परागकण निकामी होतात, आणि उघड्या राहिलेल्या फुलावर शेजारच्या परागाला संधी मिळते.

तपासायचं असेल तर दोन्हीच्या 30-30 लोंब्यांना दोरा बांधा. निसवण सुरू झाल्यापासून एक दिवसाआड, सकाळी 9 ते 1 दर अर्ध्या तासाला किती फुलं उघडली ते लिहा. दोन्हींत फुलं उघडी आहेत असे किती दिवस आणि किती अर्धे तास जुळतात, तोच तुमचा धोक्याचा आकडा.

संकर कुठल्या बाजूने झाला, याला फार महत्त्व आहे. देवभात आई असेल तर संकरित दाणा ओढ्याच्या चिखलात झडतो आणि तुम्हाला दिसतच नाही. पराग भाताकडून देवभाताकडे जातो तेव्हा अगदी लगतच्या झाडांत संकराचं प्रमाण साधारण 1 ते 3 टक्के सापडतं, आणि अंतर वाढलं की ते झपाट्याने घटतं. इंद्रायणी आई असेल तर प्रमाण आणखी कमी, पण तो दाणा तुमच्या बियाण्यात येतो. पुढच्या वर्षी खाचरात एखादं झाड उंच, लोंबीला लांब कुसळ, तूस काळपट, आणि हात लावताच दाणा झडतो असं दिसलं की संशय घ्या. दाणा सोलून बघा. लाल साल ही प्रभावी खूण आहे, पहिल्याच पिढीत दिसते. पण नुसत्या लाल दाण्यावर निकाल देऊ नका, कारण जुन्या गावठी भातांतही लाल तांदूळ असतो. कुसळ, झड आणि लाल साल ही तिन्ही एका झाडावर असतील तरच उपटा, आणि दाणे झडून मातीत जाण्याआधी उपटा. एकदा झडला की तो मातीत सुप्त राहून पुढची काही वर्षं उगवत राहतो. सर्वांत त्रासदायक पिढी त्यानंतरची असते. संकराचा पुन्हा भाताशी संकर झाला की झाड दिसायला हुबेहूब इंद्रायणीसारखं, आणि दाणा मात्र झडणारा.

बियाणं धरायचं ते खाचराच्या मधल्या भागातलं. प्रमाणित बियाण्यासाठी भाताच्या दोन वाणांत 3 मीटर अंतर पुरतं, पण देवभात शेजारी असेल तर मी 10 मीटर सोडायला सांगेन. रोप वेळेवर टाकता येत नसेल तर कमी दिवसांचं वाण घ्या.

एक कळकळीची विनंती आहे, ओढ्यातलं देवभात उपटून टाकू नका. बांधालगतच्या लोंब्या फुलण्याआधी कापा, तेवढं पुरे. ग्रासी स्टंट या विषाणूरोगाला तोंड देणारं जनुक भाताला ओरायझा निवारा या त्याच्या रानटी भावकीतूनच मिळालं होतं.