वाचकांचे प्रश्न : घाटातले दोन राउटर आणि सीसीएनपीची तयारी

प्रश्न : मी देवगड तालुक्यात राहतो आणि एका स्थानिक इंटरनेट सेवादाराकडे चार वर्षे काम करतो. सीसीएनए ही सिस्को कंपनीची नेटवर्किंगची पायाभूत परीक्षा उत्तीर्ण आहे. आता सीसीएनपी एंटरप्राइझ हे त्यापुढचे प्रमाणपत्र करण्याचा विचार आहे. परंतु जवळपास या परीक्षेचा वर्ग मला सापडला नाही, लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे आणि पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. एका मित्राने ‘हेच प्रश्न येतात’ असे सांगून प्रश्नसंचाची पीडीएफ पाठवली आहे. तयारीला कोठून लागावे? — एक वाचक, देवगड

उत्तर : प्रथम त्या पीडीएफविषयी. ती पुसून टाकावी. फुटलेले प्रश्न वापरणे सिस्कोच्या परीक्षा-नियमांत बसत नाही आणि उघडकीस आल्यास निकाल रद्द होतो, हे तर आहेच. पण अशा संचांतील उत्तरे पुष्कळदा चुकीची असतात आणि तीच डोक्यात घट्ट बसतात, हा तोटा मला अधिक मोठा वाटतो.

या प्रमाणपत्रासाठी दोन परीक्षा द्याव्या लागतात. ३५०-४०१ ही मुख्य परीक्षा १२० मिनिटांची असून तिचे शुल्क ४०० डॉलर आहे. दुसरी परीक्षा सिस्कोने दिलेल्या पर्यायांतून आपण निवडायची असते, ती ९० मिनिटांची व ३०० डॉलरची, आणि कर दोन्हींवर वेगळा. आपले रोजचे काम लक्षात घेता दुसरी म्हणून ३००-४१० ही प्रगत राउटिंगची परीक्षा घ्यावी, असे मी सुचवतो. अभ्यासक्रमाचा आराखडा सिस्कोच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो. त्याची आवृत्ती बदलत असते, म्हणून पुस्तक विकत घेण्यापूर्वी दोन्ही ताडून पाहावे.

चांगले काम करणारेही जेथे अडखळतात, असा ३००-४१० मधला भाग म्हणजे रीडिस्ट्रिब्यूशन, अर्थात एका राउटिंग प्रोटोकॉलने (राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवण्याच्या पद्धतीने) शिकलेले मार्ग दुसऱ्याला सांगणे. आपल्याकडचेच उदाहरण घेऊ. वर देशावर ईआयजीआरपी हा प्रोटोकॉल चालतो आणि खाली कोकणात ओएसपीएफ हा दुसरा, असे समजा. आंबा घाटात एक राउटर आहे, कुंभार्ली घाटात दुसरा, आणि दोघेही वरचे खाली व खालचे वर सांगतात. देशावर एक मार्ग ईआयजीआरपीमध्ये बाहेरून आलेला आहे. अशा मार्गाचा ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स, म्हणजे बातमी किती विश्वासाची हे ठरवणारा आकडा, १७० असतो. आंब्याचा राउटर तो खाली ओएसपीएफमध्ये सांगतो आणि तो रत्नागिरी, चिपळूण करीत कुंभार्लीच्या राउटरपर्यंत पोहोचतो. या राउटरला तोच मार्ग देशावरून थेट कळलेला असतो, पण १७० या आकड्याने. खालून आलेल्या ओएसपीएफ मार्गाचा आकडा ११०. कमी आकडा अधिक विश्वासाचा, या नियमाने तो खालची बातमी खरी मानतो आणि तीच पुन्हा देशावर सांगतो. आपलीच बातमी आपल्याला दुसऱ्या घाटाने परत ऐकू आली की वरचे राउटरही फसू शकतात, आणि पाकिटे (माहितीचे तुकडे) दोन्ही घाटांत फेऱ्या मारीत राहतात.

यावर बहुतेक पुस्तके टॅगचा उपाय सांगतात : आंब्याने खाली सांगताना मार्गावर खूण करावी आणि कुंभार्लीने ती खूण दिसताच वर सांगणे नाकारावे. उपाय बरोबर आहे, पण अपुरा. टॅगने परतीची बातमी थांबते. कुंभार्लीचा राउटर स्वतः मात्र खालच्याच मार्गावर विश्वास ठेवत राहतो आणि शेजारच्या देशावर जाण्यासाठी पाकिटे चिपळूण, रत्नागिरी, आंबा असा वळसा घालून पाठवतो. तो वळसा टाळण्यासाठी त्या राउटरवर ओएसपीएफच्या बाह्य मार्गांचा डिस्टन्स १७० हून जास्त करावा लागतो. परीक्षेत ‘मार्ग मिळतो आहे, पण लांबून’ अशा स्वरूपाचे प्रश्न येतात, त्यांचे मूळ अशा ठिकाणी असते. हा एक प्रयोग चार राउटरांवर स्वतः उभारावा, बिघडवावा आणि दुरुस्त करावा. पाठ केलेल्या शंभर कमांडांपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

अभ्यासाची माझी पद्धत हीच आहे, आणि आपल्यासारख्या नोकरी करणाऱ्याला ती झेपते. एक वही करावी. जोडणी चालू अवस्थेत असताना त्यात एकच बदल ठरवावा, काय होईल ते आधी लिहावे, मगच बदल करून पाहावे. ओएसपीएफच्या एका टोकाचा हॅलो टायमर (शेजारच्या राउटरला ‘मी आहे’ असे किती वेळाने कळवायचे तो काळ) १० सेकंदांवरून १५ केला तर शेजार जुळतच नाही. एका टोकाचा एमटीयू (पाकिटाचा कमाल आकार) बदलला तर मात्र शेजारी दिसतो, पण एक्सस्टार्ट किंवा एक्सचेंज या जोडणीच्या अर्धवट अवस्थेत अडकून राहतो. आयबीजीपीमध्ये (एकाच नेटवर्कच्या आत चालणाऱ्या बीजीपी या राउटिंग प्रोटोकॉलमध्ये) नेक्स्ट-हॉपपर्यंत, म्हणजे मार्गावरील पुढच्या थांब्यापर्यंत, पोहोचता येत नसेल तर मार्ग बीजीपीच्या तक्त्यात दिसतो, पण त्यापुढे निवडीची खूण नसते. अंदाज चुकला ते पान परीक्षेच्या आदल्या आठवड्यात वाचण्यासाठी राखून ठेवावे. कामावर जे बिघाड निघतात तेही याच वहीत यावेत, ग्राहकांची नावे व पत्ते वगळून.

पॅकेट ट्रेसर या सिस्कोच्या सरावाच्या सॉफ्टवेअरवर बीजीपीचा पूर्ण सराव होत नाही. सिस्को मॉडेलिंग लॅब्ज या आभासी राउटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची पाच नोडपर्यंतची (उपकरणांपर्यंतची) विनामूल्य आवृत्ती आहे, परंतु ८ जीबी रॅमवर तिचा जीव गुदमरेल. म्हणून दूरच्या वर्गाची फी भरण्यापूर्वी रॅम १६ जीबी करून घ्यावी. तोवर लिनक्सवर एफआरआर हे मुक्त सॉफ्टवेअर चालवून ओएसपीएफ व बीजीपी यांचा सराव करता येतो. त्याच्या कमांडा सिस्कोशी पुष्कळ जुळतात. लॅबची मांडणी प्रत्येक पायरीनंतर साठवावी, म्हणजे वीज गेली तरी फार नुकसान होत नाही.

परीक्षा घरून ऑनलाइन देता येते, परंतु कोकणात पावसाळ्यात मी तो धोका पत्करणार नाही. परीक्षा घेणाऱ्या पिअर्सन व्ह्यू या संस्थेच्या संकेतस्थळावर सोयीचे केंद्र पाहावे आणि घाट ओलांडायचा असेल तर आदल्या दिवशीच मुक्कामी पोहोचावे. एकदा पुढे गेल्यावर मागच्या प्रश्नाकडे परतता येत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

प्रश्न : मी चिपळूणला अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात आहे. सीसीएनए न देता थेट सीसीएनपी देता येईल का? — एक विद्यार्थिनी

उत्तर : देता येईल. २४ फेब्रुवारी २०२० पासून पूर्वअट उरलेली नाही. परीक्षा टाळली तरी अभ्यास टाळू नये. सबनेटिंग (नेटवर्कच्या पत्त्यांची लहान गटांत विभागणी) कागदाशिवाय जमेपर्यंत पुढे जाऊ नये. पहिल्या नोकरीच्या अर्जावर सीसीएनए असणे मला तरी अधिक उपयोगाचे वाटते.

प्रश्न : माझे वय पंचेचाळीस असून मला प्रोग्रामिंग येत नाही. सीसीएनपीच्या मुख्य परीक्षेतील ऑटोमेशनमुळे (प्रोग्रामद्वारे उपकरणे हाताळण्याच्या भागामुळे) माघार घ्यावी का? — एक वाचक, गुहागर

उत्तर : माघार घेऊ नये. तेथे मोठे प्रोग्राम लिहायचे नसतात. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतला छोटा तुकडा वाचून तो काय करतो हे सांगता यावे, जेसन या माहिती मांडण्याच्या पद्धतीतील कंस जुळवता यावेत, आणि उपकरणांची मांडणी दुरून बदलण्याच्या दोन प्रोटोकॉलांपैकी नेटकॉन्फ एसएसएचवरून पोर्ट ८३० वापरतो तर रेस्टकॉन्फ एचटीटीपीएसवरून चालतो, एवढा भेद पक्का असावा. महिनाभर रोज अर्धा तास दिल्यास हे होण्यासारखे आहे.